साखळीनाना आणि छपरावरची वीज

आमच्या शेजारचे नाना उभ्या आयुष्यात विजेवर पोट भरत आले आणि उभ्या आयुष्यात विजेला भीत आले. ही भीती त्यांनी कधी लपवली नाही. चार माणसांत बसले की छाती काढून सांगायचे, "जो भितो तोच संध्याकाळी घरी जेवायला येतो." वीज खात्यात लाइनमन म्हणून लागले तेव्हा नुकतं मिसरूड फुटलं होतं. निवृत्त झाले तेव्हा तीच मिशी पांढरी झाली होती. मधल्या काळात किती खांब चढले ते खांबांनाच ठाऊक.

त्यांच्या खांद्यावर कायम एक तांब्याची साखळी असायची. लाईन बंद झाली, फ्यूज काढून झाले, साहेबाने खालून ओरडून सांगितलं की चढा आता, तरी नाना आधी तारेला टेस्टर लावणार. मग ती साखळी तारांवर टाकून तिचं दुसरं टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला बांधणार. आणि मगच तारेला हात. चुकून कुठून वीज आलीच तर ती साखळीतून जमिनीत जावी, माणसातून जाऊ नये, एवढंच त्यामागचं शास्त्र. बरोबरचे हसायचे. "नाना, मेलेल्या सापाला किती वेळा ठेचणार?" त्यावरून त्यांचं नाव साखळीनाना पडलं.

हसणाऱ्यांत सगळ्यात मोठ्याने त्यांचा जोडीदार हसायचा. एका दुपारी लाईन बंद करून तो एकटाच खांबावर चढला. साखळी नानांच्या खांद्यावर, आणि नाना सायकलवरून अजून वाटेत. रस्त्याकडेच्या पिठाच्या गिरणीवाल्याने लाईट गेली म्हणून जनरेटर सुरू केलं आणि मेन स्विच खाली ओढायला विसरला. बाहेरची वीज ज्या तारेने गिरणीत यायची, त्याच तारेने गिरणीतली वीज उलटी बाहेर गेली. खांबापर्यंत. नाना पोचले तेव्हा जोडीदार कमरेच्या पट्ट्याला लटकत होता, दमून डुलकी लागावी तसा. अंगात जीव उरला नव्हता.

आता त्यांची एकुलती एक लेक त्याच खात्यात वायरमन आहे. लोक गमतीने तिला वायरवुमन म्हणतात, ती मनावर घेत नाही. नर्स हो, शाळेत शिकव, दुकान टाक, नानांनी सगळं सांगून पाहिलं. पण ऐकेल तर नानांची लेक कसली. ती पहिल्या दिवशी कामावर निघाली तेव्हा नानांनी ती साखळी तिच्या खांद्यावर ठेवली आणि दोन गोष्टी सांगितल्या. टेस्टर लावल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि खांबावर चढताना फोन खाली ठेवायचा.

तेव्हापासून आमच्या गल्लीत लाईट गेली की बाकीची माणसं पंख्याकडे बघून चरफडतात आणि नाना लेकीला फोन लावतात. तिने उचलला तर ती जमिनीवर आहे. नाही उचलला तर वर आहे, आणि मग ती परत फोन करेपर्यंत नाना अंगणात फेऱ्या घालतात. सकाळी ती निघताना विचारायचे, "आज कुठं?" हल्ली ती सांगत नाही. "बाबा, तुम्ही मागून सायकल घेऊन येता आणि खांबाखाली उभे राहता. सगळे मला हसतात." जोडीदारही असाच हसायचा, हे नानांच्या ओठापर्यंत येऊन तिथेच थांबत असेल.

अशा घरात एक दिवस वहिनींनी सोलरची गोष्ट काढली.

वहिनी म्हणजे नानांची बायको. पुढच्या खोलीत त्यांचं शिवणकाम चालतं. मशीनला मोटर आहे, मोठी इस्त्री आहे, बिल दर महिन्याला वाढतं आणि गिऱ्हाईक उद्या येणार म्हटलं की लाईट आजच जाते. त्या म्हणाल्या, "छप्पर नुसतं तापतंय. रिकामं बसून तापण्यापेक्षा त्याने काहीतरी कमवावं. तुम्ही निवृत्त झालात, त्याला अजून कामाला लावता येईल."

मी तिथेच बसलो होतो. हसलो. नाना हसले नाहीत. त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"छपरावर वीज तयार करायची," ते हळूहळू म्हणाले. "आणि ती आपल्या मीटरमधून खांबावर जाणार. त्या खांबावर कोण चढतं?"

"सगळं जग बसवतंय अहो! त्यांच्या खांबांवर काय माणसं चढत नाहीत?"

"त्यांची लेक चढत नाही."

वहिनी नमल्या नाहीत. तीन ठिकाणी फोन करून त्यांनी कोटेशनसाठी माणसं बोलावली. नानांनी विरोध सोडला, पण येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा असं ठरवून ते जिन्याच्या पायरीवर बसले. बाहेरची लाईट गेली आणि ऊन पडलेलं असलं, तर तुमच्या पॅनलची वीज कुठं जाते?

पहिला आला तो एका मोठ्या कंपनीचा, हातात टॅब घेतलेला तरतरीत तरुण. छप्पर मोजलं, सावली कुठून येते ते पाहिलं, फोटो काढले. नानांनी प्रश्न विचारला. तो म्हणाला, "सर, काळजीच करू नका, सिस्टीम ऑटोमॅटिक आहे."

"म्हणजे काय होतं?"

"ऑटोमॅटिक होतं, सर."

"अरे बाळा, पण काय होतं?"

त्याने टॅबवर बोट फिरवून पाहिलं, मग साहेबाला फोन लावला. साहेबही तेच म्हणाला. त्यांच्या वस्तूत काही खोट नसेलही. पण त्या रात्री नानांना झोप लागली नाही, हे वहिनींनी मला सकाळी भिंतीवरून सांगितलं.

दुसऱ्या आल्या त्या बाजारात विजेच्या सामानाचं दुकान चालवणाऱ्या बाई. वयाने पन्नाशीच्या, बोलायला तुटक. नानांचा प्रश्न ऐकून म्हणाल्या, "थांबते. वीज तयार होणंच थांबतं. पॅनलला जोडलेला जो इन्व्हर्टर, म्हणजे भिंतीवरचा डबा असतो, त्याला बाहेरच्या लाईनची नाडी लागते. ती नाडी बंद पडली की तो स्वतः गप्प होतो. माझ्या दुकानावर हेच बसवलंय. दाखवू का?"

आम्ही गेलो. रणरणतं ऊन होतं. बाईंनी मेन स्विच खाली ओढला. भिंतीवरच्या डब्याचे आकडे मावळले, हिरवा दिवा गेला, पंखा फिरून फिरून थांबला. बाईंनी टेस्टर नानांच्या हातात दिला. त्यांनी तो इथे लावला, तिथे लावला, पुन्हा इथे लावला. कुठेच पेटला नाही.

"म्हणजे एवढं मोठं ऊन छपरावर, आणि आपण अंधारात?" वहिनी म्हणाल्या. "मग माझ्या मशीनचं काय?"

"लाईट गेली की हेही जाणार," बाई म्हणाल्या. "बिल कमी होईल. लाईट जायची ती जाईलच. घरातले दोनचार पॉइंट बॅटरीवर वेगळे काढून देता येतात, पण त्याचं काम निराळं आणि खर्चही निराळा. बॅटरी तुमच्या बजेटात बसणार नाही. उगीच हो म्हणत नाही."

घरी आल्यावर वहिनी म्हणाल्या, "पाऊस पडला की मिटणारी छत्री विकतेय ती बाई."

तिसरा आला तो गॉगलवाला. गॉगल त्याने घरात आल्यावरही काढला नाही, कपाळावर चढवला. सगळ्यांत कमी भाव त्याचा, सगळ्यांत गोड बोलणं त्याचं. "ताई, जग अंधारात बसलं तरी तुमची सुई थांबणार नाही. त्याच भावात बॅटरी देतो."

नानांनी प्रश्न विचारला.

"काका, वीज तुमची. ती कशाला कुठं जाईल? घरातच राहील, गुणी बाळासारखी!"

वहिनी खळखळून हसल्या. त्याने दुसऱ्या दिवशीचं बोलावणंच दिलं. गावाबाहेर एक पोल्ट्री आहे, तिथे त्याने असंच बसवून दिलं होतं. डोळ्यांनी बघा आणि मग ठरवा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी लेक डबा घेऊन कामावर निघाली. नानांनी सवयीने विचारलं, "आज कुठं?" ती म्हणाली, "जिथं पाठवतील तिथं, बाबा," आणि गेली.

पोल्ट्रीचा रस्ता एका मोठ्या वळणानंतर संपतो. वळणावर दाट झाडी आहे, त्यामुळे पलीकडचं काही दिसत नाही. वळण संपल्यावर दोनच घरं, एक पोल्ट्रीवाल्याचं आणि समोर निवृत्त मास्तरांचं. मास्तर मुलाकडे गेलेले. घराला कुलूप होतं आणि चोरांना वाटावं घरात कोणी आहे, म्हणून ओट्यावरचा दिवा दिवसरात्र जळत ठेवलेला. भर दुपारी जळणारा तो पिवळा दिवा पाहून मी म्हटलंसुद्धा, "चोर हुशार असेल तर यावरूनच ओळखेल."

पोल्ट्रीवाल्याने हौसेने सगळं दाखवलं. छपरावरची पॅनलं, भिंतीवरचं यंत्र, खाली बॅटऱ्या. एका लांब खोलीत नुकती आलेली पिल्लं उबेच्या दिव्यांखाली दाटीवाटीने बसली होती, जणू पिवळी गोधडीच अंथरली होती. "यांना तासभर ऊब मिळाली नाही तर माझा धंदा बसला," तो म्हणाला. गॉगलवाला शेजारी उभा राहून आपलं पोरगं दहावीला पहिलं आल्यासारखा हसत होता.

तेवढ्यात पंखा मंद झाला. लाईट गेली.

"वा! बोलावून आणल्यासारखी गेली," गॉगलवाला म्हणाला. पोल्ट्रीवाला पुढे झाला आणि त्याने यंत्रावरचं बटण दाबलं. पंखा फिरायला लागला. पिल्लांच्या खोलीतले दिवे उजळले. वहिनींनी चक्क टाळी वाजवली.

नानांचं तिकडे लक्ष नव्हतं. लाईट गेल्याबरोबर त्यांनी लेकीला फोन लावला होता. फोन कानाला धरून ते दाराशी उभे होते, आणि मला दिसत होतं की तो नुसता वाजतोय. उचलत नाही, म्हणजे ती वर आहे. कुठेतरी, कुठल्यातरी खांबावर. ते बाहेर बघत राहिले. मग त्यांचा चेहरा असा झाला की मी आयुष्यात विसरणार नाही. घाबरलेल्या माणसाचा चेहरा मी पाहिला आहे. हा त्याच्या पुढचा होता. ज्याची वाट बघत माणूस उभं आयुष्य बसला आणि ते खरंच दारात आलं, तसा.

"तो दिवा," ते म्हणाले.

समोर मास्तरांच्या ओट्यावरचा दिवा जळत होता.

"तो मास्तरांचा," पोल्ट्रीवाला म्हणाला. "कायम चालूच असतो."

"लाईट गेलीय ना?"

"गेलीय की."

"मग तो कशावर जळतोय?"

मग पोल्ट्रीवाला ओशाळं हसला. "आमच्यावरच असेल. शेजारधर्म! बसवताना हे म्हणाले होते, लाईट गेली की आधी मेन ओढा आणि मग बटण दाबा. पण रोज कोण ओढत बसतंय? नाही ओढला तर यंत्र दम टाकून आपोआप बंद पडतं, तेव्हा मग ओढतो. आज का कुणास ठाऊक, छान चाललंय."

आज का चाललं, ते नानांना त्याच क्षणी कळलं होतं. मला नंतर कळलं. एरवी ती वीज बाहेर जायची ती अख्ख्या गावाच्या लाईनवर, आणि एवढं ओझं न पेलून यंत्र कोलमडायचं. आज लाईट गेली तीच मुळी कोणीतरी वळणावर खालून काठीने तार सोडवून हा दोन घरांचा तुकडा वेगळा केला म्हणून. ओझं उरलं होतं एका दिव्याचं. आणि तार सोडवली, म्हणजे खांबावर माणूस आहे.

"मेन कुठंय?"

"गोदामात. खाद्याच्या पोत्यांमागे, पण—"

नाना धावले. गुडघे दुखतात म्हणून जिना टाळणारा माणूस. गोदामात मेनसमोर पोत्यांची थप्पी छताला टेकलेली. खाद्य कालच उतरलं होतं, आणि मेनची आठवण यंत्र बंद पडल्यावरच येणार, तर जागा कशाला मोकळी ठेवतील? फोन मान आणि खांद्यात दाबून नाना पोती उपसायला लागले, पोल्ट्रीवालाही आता पांढरा पडून त्यांना हात देऊ लागला. वहिनी मधेच उभ्या होत्या आणि एकच वाक्य म्हणत होत्या, "अहो, काय झालं? अहो, काय झालं?" मी दारात उभा राहून समोरच्या दिव्याकडे बघत होतो. इतका साधा दिवा. मला वाटत होतं तो माझ्याकडे बघतोय.

शेवटी नाना पोत्यांवर पोटावर पालथे पडले, भिंत आणि थप्पी यांच्या फटीत खांद्यापर्यंत हात घातला आणि खटका पडल्याचा आवाज आला.

मास्तरांच्या ओट्यावर अंधार झाला.

"विझला!" मी ओरडलो.

नाना थांबले नाहीत. रस्त्याने वळणाकडे निघाले, आम्ही मागे. ते तोंडाने काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं देवाचं नाव असेल, जवळ गेलो तर ते नुसतं "उचल, उचल, उचल" म्हणत होते. फोन पुन्हा लावून कानाशीच धरला होता. झाडी संपली आणि खात्याची गाडी दिसली. गाडीत तिचा फोन वाजत होता. खांबाला शिडी होती आणि शिडीवर लेक होती. कमरेला पट्टा, एक हात खांबाला, दुसऱ्या हातात टेस्टर. जिवंत. वर बघायला लागलो तर ती खाली बघत होती.

"बाबा? आत्ता टेस्टर पेटला होता. तार आम्हीच सोडवलीय, मग पेटला कसा? आणि लगेच विझला. कोणी काही ओढलं का?"

"मी ओढलं," नाना म्हणाले आणि रस्त्यातच खाली बसले.

खाली उभा असलेला तिचा सोबती हसून म्हणाला, "नाना, तुमची पोरगी तपासत बसते आणि आमचा डबा निवतो." मग आमची तोंडं पाहून त्याने शिडी धरली.

ती खाली उतरली. बापाशेजारी मातीत बसली. मग म्हणाली, "आज लावणार नव्हते मी टेस्टर. बरोबरचे म्हणाले, तार सोडलीय, उरक लवकर. साखळीपण गाडीतच राहिली. मी हात उचललाच होता. तेवढ्यात खाली फोन वाजायला लागला. म्हटलं, बाबाच असणार. आता संध्याकाळी विचारतील, टेस्टर लावला होता का. खोटं कसं बोलायचं तुमच्याशी."

नाना तिला रागावतील असं मला वाटलं. ते उठले, गाडीपाशी गेले, साखळी काढली आणि आणून तिच्या हातात दिली.

गॉगलवाला वळणापर्यंत आलाच नाही. त्याची मोटारसायकल गेल्याचा आवाज तेवढा ऐकू आला. पोल्ट्रीवाला मात्र आला आणि बिचारा हात जोडून उभा राहिला. नाना त्याला एवढंच म्हणाले, "तुझी पिल्लं जगलीच पाहिजेत. पण आज संध्याकाळच्या आत दुकानवाल्या बाईंकडे जा." तो गेला. आता त्याच्या भिंतीवर असा दुहेरी स्विच आहे की बाहेरची वाट आधी तुटल्याशिवाय बॅटरीची वीज सुरूच होत नाही. माणसाच्या आठवणीवर तिथे काही ठेवलेलं नाही.

घरी आल्यावर वहिनींनी सोलरचा शब्द काढला नाही. पुढच्या आठवड्यात नानांनीच बाईंना फोन केला. वहिनी म्हणाल्या, "नको म्हणते ना मी. अंधारात हाताने मशीन फिरवीन." नाना म्हणाले, "बसवायचं. आपण नाही बसवलं म्हणून जग थांबतंय थोडंच. निदान एक छप्पर तरी मला माहीत असेल." गॉगलवाल्याचं कोटेशन चांगल्या जाड कागदावर छापलेलं होतं. वहिनींनी त्याच्यातून कॉलरचा नमुना कापला, आणि अजून तोच वापरतात.

पॅनल सुरू झाल्यावर नानांनी एका सुट्टीच्या दिवशी लेकीला आमच्या गल्लीतल्या खांबावर चढवलं. खात्याची रीतसर परवानगी काढून, लाईन बंद करून. खाली बाई, वहिनी, मी आणि निम्मी गल्ली. ऊन मी म्हणत होतं. तिने साखळी खांद्यावर सरळ केली, टेस्टर लावला आणि वरून ओरडली, "काही नाही, बाबा!"

"पुन्हा लाव."

"काही नाही!"

"दुसऱ्या तारेला."

"बाबा, तिन्ही झाल्या!"

नानांनी मान हलवली. सगळ्यांना वाटलं आता या माणसाची भीती गेली. तीन दिवसांनी ते माझ्या ओट्यावर आले आणि जरा संकोचून म्हणाले, "भाऊ, एक मागू का? तुमचा हा बाहेरचा दिवा कायम चालू ठेवत जा. दिवसासुद्धा. बिल वाढलं तर मी देईन."

मास्तरांचा ओटा आठवून मी लगेच बटण दाबलं. माझं आणि त्यांचं घर एकाच तारेवर आहे.

आता आमच्याकडे लाईट जाते तेव्हा त्यांच्या घरातलं मशीन थांबतं आणि वहिनी आतून म्हणतात, "घ्या, मिटली छत्री!" नाना तोवर अंगणात आलेले असतात. आधी माझ्या दिव्याकडे बघतात. तो विझलेला असतो. मग ते खिशातून फोन काढतात आणि लेकीला लावतात, आणि तो वाजत राहिला तरी ते ठेवत नाहीत.